आपलं जोतं पुलाच्या फुटांत किती? नदीकाठच्या गावात घराचा पूरधोका मोजायची रीत

‘२००५ ला पाणी दाराच्या पायरीपर्यंत आलं होतं. त्याच्या वर काय येणार?’ कृष्णाकाठच्या किती घरांत हे वाक्य ऐकलंय, त्याला गणती नाही. त्या भरवशावर लोकांनी धान्याची पोती दोन फूट वर रचली, फ्रीज स्टूलावर ठेवला आणि घरातच थांबले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं, २०१९ ला ५७ फुटांच्या पुढे गेलं. जुन्या खुणेला कमाल मर्यादा मानणाऱ्यांच्या घरात कमरेच्या वर पाणी झालं.

खूण खोटी नव्हती, ती वाचायची पद्धत चुकली. पुरात उपयोगी पडणारं उत्तर एकच: गावातल्या पुलावर किंवा बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं की ते आपल्या जोत्याला, म्हणजे घराच्या चौथऱ्याच्या वरच्या कडेला, लागतं? हा आकडा हाती असेल तर रेडिओवरची किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरची ‘पातळी ४७ फूट’ ही बातमी थेट आपल्या घराविषयी बोलू लागते. तो आकडा काढायची रीत पुढे क्रमाने दिली आहे. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक टप्पा आधीच्यावर उभा आहे.

## तयारी

हे काम फाल्गुन ते वैशाखात करा. भिंती कोरड्या असतात, ओढ्याचा तळ दिसतो, कचेऱ्यांतली माणसं पुराच्या गडबडीत नसतात. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर हे जमत नाही.

लागेल ते एवढंच: गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी (१५ ते २० मीटर), मोजपट्टी, खडू, थोडा ऑइल पेंट, एक वही आणि दुसरा माणूस. नळी एकट्याने धरता येत नाही.

## १. आपल्या दारात कुठलं पाणी येतं ते ओळखा

सगळ्या पाण्याला आपण ‘पूर’ म्हणतो आणि इथेच पहिली गफलत होते. छोट्या गावात पाणी चार वाटांनी येतं.

नदीचं पाणी पात्र सोडून चढतं. ओढ्या-नाल्याचं पाणी ढगफुटीसारख्या पावसात तासाभरात येतं आणि तसंच ओसरतं. तिसरं फुगवट्याचं: पुढची मोठी नदी तुडुंब असल्याने आपल्या नदीला किंवा ओढ्याला वाट मिळत नाही आणि पाणी मागे सरकतं. कोल्हापूरकर याला ‘पाण्याला फूग आली’ म्हणतात. नृसिंहवाडीला कृष्णा भरलेली असेल तर पंचगंगेचं पाणी उतरत नाही, मग ते दिवसच्या दिवस शेतांत आणि गल्ल्यांत उभं राहतं. चौथं निचऱ्याअभावी साचणारं.

कोकणात यात भरतीची भर पडते. चिपळूणची वाशिष्ठी आणि महाडची सावित्री यांचं पाणी खाडीतून समुद्राला जातं. वरून लोंढा यायला आणि खालून उधाण यायला एकच गाठ पडली, तर पाण्याला जायला जागा उरत नाही. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आषाढी एकादशीनंतर दोन दिवसांनी आला, पौर्णिमेचं उधाण तोंडावर होतं. वरच्या पावसासोबत तिथी पाहायची ती यासाठी.

तपासून पाहा: मागच्या पुरात पाणी पहिल्यांदा कुठून शिरलं? पुढच्या दारातून, परसातून, की मोरीतून? पुष्कळ घरांत अंगण कोरडं असतानाच मोरीच्या जाळीतून बुडबुडे येऊ लागतात आणि मागोमाग गढूळ पाणी. तुमचं घर त्यातलं असेल तर तुमचा उंबरा जोतं नाही, मोरीचं तोंड आहे. पुढची सगळी मापं तिथूनच घ्यावी लागतील.

सावधान: घर डोंगरउतारावर किंवा पायथ्याशी असेल तर पुराचं माप पुरेसं नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातली तळिये वाडी पाण्याने नव्हे, दरडीने गाडली गेली. त्याआधी २०१४ ला माळीण, नंतर २०२३ ला इर्शाळवाडी. जमिनीला नव्या भेगा, तिरकी होत चाललेली झाडं, एकाएकी गढूळ झालेला झरा, विनाकारण अडकू लागलेली दारं यांतलं काही दिसलं तर मोजत बसू नका. मुसळधार पावसाआधी जागा सोडा आणि तहसीलदारांना लेखी कळवा.

## २. कागद गोळा करा

आठवणींच्या आधी कागद मिळवा. पुराची वर्षं आणि कमाल पातळ्या हाताशी असल्या की लोकांना नेमकं विचारता येतं.

*पातळीची नोंद.* तुमच्या गावाला लागू पडणारी मोजपट्टी कुठली ते आधी ठरवा. सांगलीला आयर्विन पूल, कोल्हापूरला राजाराम बंधारा. लहान गावात ती एखाद्या पुलाच्या खांबावर रंगवलेली असते. मोठ्या पुरांच्या वर्षांची कमाल पातळी आणि शक्य तर तासागणिकची नोंद जलसंपदा विभागाच्या पूर नियंत्रण कक्षाकडे मागा. काही ठिकाणी केंद्रीय जल आयोगाचंही केंद्र असतं.

*पंचनामे.* प्रत्येक मोठ्या पुरानंतर तलाठ्यांनी घरोघर पंचनामे केलेले असतात आणि त्यावरून अनुदानाच्या याद्या झालेल्या असतात. कुठल्या गल्लीत पाणी गेलं होतं याचा सगळ्यात बारीक पुरावा तोच.

*पूररेषेचा नकाशा.* जलसंपदा विभाग किंवा नगरपरिषदेचा नगररचना विभाग. त्यावर निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात, त्यांचा अर्थ सहाव्या टप्प्यात.

*पाऊस.* कृषी विभागाच्या ‘महारेन’वर महसूल मंडळानुसार रोजचा पाऊस मिळतो.

तोंडी मागून मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. फक्त ‘पुराची माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर हाती काही लागत नाही. ठिकाण, वर्षं आणि बाब लिहा: ‘अमुक पुलावरील २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांतील जुलै-ऑगस्टमधील तासागणिक पाणीपातळी’.

## ३. खुणा आणि आठवणी गोळा करा

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यात होतात.

माणसांना ‘किती फूट पाणी होतं?’ असं विचारायचं नाही. फूट कुणाच्या लक्षात राहत नाहीत. वस्तू राहतात. कितवी पायरी बुडाली, देव्हारा वाचला का, सायकलची सीट दिसत होती का, खिडकीच्या गजांपैकी कितवा गज पाण्यात होता, असं विचारा. एका घरी आजोबा ‘छातीएवढं होतं’ म्हणत होते. आजी काही न बोलता उठल्या, दाराच्या चौकटीपाशी गेल्या आणि मधल्या बिजागरीवर बोट ठेवलं. पाणी ओसरल्यावर ती बिजागरी गंजली होती आणि त्यांनी स्वतः तिला तेल घातलं होतं. माप तिथल्या तिथे मिळालं. घर धुणाऱ्या माणसाला पाणी कुठवर होतं ते नेमकं माहीत असतं आणि ते काम बहुतेक घरांत बायकांनीच केलेलं असतं. म्हणून माजघरात आणि स्वयंपाकघरात जाऊन विचारा, ओसरीवरच थांबू नका.

वर्षांची गल्लत होते, त्यावर सणांचा इलाज आहे. २०१९ चा महापूर नागपंचमीच्या सुमाराचा. ‘नागपंचमीला घरात होता की छावणीत?’ एवढ्या प्रश्नाने २०१९ आणि २०२१ वेगळे होतात.

मग भिंतीवरच्या खुणा. इथे चार धोके आहेत.

ओलीची रेघ पाण्याची रेघ नसते. भिंत ओल वर ओढते. पाणी दोन फूट असलं तरी ओल तीन फुटांवर दिसू शकते. गाळाची, तेलकट काळी किंवा अडकलेल्या काडीकचऱ्याची रेघ शोधा, तीच खरी.

दुसरं, ज्या भिंतीवर प्रवाह समोरून आदळतो तिथे पाणी चढलेलं असतं. वाहत्या पाण्याच्या गावात, चिपळूणसारख्या ठिकाणी, हा फरक मोठा पडतो. बाजूच्या किंवा आतल्या भिंतीवरची खूण घ्या.

तिसरं, रस्ता. ‘रस्त्यावर कमरेएवढं पाणी होतं’ हे खरं, पण त्यानंतर रस्त्यावर डांबराचे किती थर चढले? एक फूट उंचावलेल्या रस्त्यावरून माप घेतलंत तर अख्खा एक फूट चुकलात. रस्ता सोडा, देवळाचा कट्टा, जुन्या घराचं जोतं, पुलाचा कठडा अशा न हललेल्या गोष्टी धरा.

आणि रंगवलेली ‘महापूर २०१९’ ची पाटी. ती कधी रंगवली, कुणी रंगवली, विचारा. वर्षभराने अंदाजाने काढलेल्या पाट्या गावोगाव आहेत.

तपासून पाहा: एका पुरासाठी एकमेकांशी संबंध नसलेल्या किमान तीन खुणा हव्यात. दोन जुळतात आणि तिसरी फुटाने वेगळी पडते, तर तिसरी टाकून देऊ नका. तिथे प्रवाह होता का, की वर्ष चुकलं, ते आधी शोधा.

## ४. सगळ्या खुणा आपल्या जोत्यावर आणा

फोनमधला समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आकडा इथे वापरू नका. त्यात काही मीटरांची चूक सहज असते आणि आपला प्रश्न इंचांचा आहे. नळीची लेव्हल यापेक्षा कितीतरी खरी.

नळीत पाणी भरा. भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने पाणी ओढा, म्हणजे हवा राहत नाही. भरल्यावर संपूर्ण नळी उजेडात धरून पाहा. एक बुडबुडा राहिला तरी लेव्हल खोटी येते. दोन्ही टोकं शेजारी धरा, पाणी एका रेघेत दिसलं की नळी बरोबर.

एकाने एक टोक पुराच्या खुणेशी धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक घेऊन घराकडे जायचं. चालताना टोकांवर अंगठा, मापताना दोन्ही अंगठे काढलेले. एका बाजूचा अंगठा राहिला तर पाणी हलत नाही आणि माप बरोबर आल्यासारखं वाटतं. नवशिक्यांकडून हे हमखास घडतं. पाणी डुलायचं थांबेपर्यंत थांबा. खुणेपाशी नळीतलं पाणी खुणेला टेकलं की दुसऱ्या टोकाच्या पाण्याशी भिंतीवर खडूची रेघ मारा. अंतर जास्त असेल तर त्या रेघेवरून पुढची रेघ, असं टप्प्याटप्प्याने या. रेघ हाताच्या फार वर किंवा फार खाली जाऊ लागली तर मोजपट्टीने नेमके दोन-तीन फूट खाली-वर घ्या आणि वहीत लगेच लिहा.

घरी पोहोचल्यावर त्या रेघेपासून जोत्यापर्यंतचं अंतर मोजा. जोत्याच्या वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे.

तपासून पाहा: काम इथे संपत नाही. घरापासून उलट दिशेने मूळ खुणेपर्यंत पुन्हा मापत जा. दोन इंचांहून जास्त फरक आला तर कुठेतरी चूक झाली आहे. पुन्हा करा. कंटाळा येतो, पण या एका तपासणीवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

सावधान: नदीचं पाणी सपाट नसतं, वरून खाली उतरत असतं. म्हणून खूण घराच्या जवळची घ्या, शक्यतो त्याच गल्लीतली. नदीच्या वरच्या अंगाच्या वस्तीतली खूण थेट आपल्या घराला लावू नका.

## ५. जोतं पुलाशी बांधा

आता साधी वजाबाकी. समजा एका पुरात पुलावर कमाल पातळी ५७ फूट होती आणि त्या पुराची खूण तुमच्या जोत्यावर ३ फूट आहे. म्हणजे तुमचं जोतं पुलाच्या ५४ फुटांवर.

एका पुरावर विसंबू नका. दुसऱ्या पुराने तोच आकडा तपासा. दुसऱ्या वर्षी पुलावर ५५ फूट होते, तर घरात एक फूट पाणी यायला हवं. आलं होतं का? आलं असेल तर आकडा पक्का. दोन फूट आलं असेल तर त्या वेळी फुगवटा वेगळा होता, किंवा मधल्या काळात ओढ्यावर भराव पडला, भिंत झाली, पूल झाला. जो आकडा कमी, म्हणजे लवकर पाणी येतं असं सांगणारा, तोच धरा आणि त्यातून आणखी दीड-दोन फूट वजा करा. मी पूर्ण दोन धरतो. एकाच पातळीला दोन पुरांत पाणी वेगवेगळं पसरतं, हे इतक्यांदा पाहिलंय की त्याहून कमी धरायची हिंमत होत नाही.

हाच हिशोब वाटेसाठीही करा, आणि घराच्या आधी करा. गावाबाहेर पडायच्या रस्त्याचा सगळ्यात सखल तुकडा, मोरीचा पूल, ओढ्यावरचा फरशी पूल शोधा आणि तो पुलाच्या किती फुटांना बुडतो ते काढा. घर कोरडं असताना वाट बुडते, हे नदीकाठच्या गावांचं जुनं दुखणं. मग होडीवर वेळ येते. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला गावाबाहेर पडणाऱ्यांची नाव उलटली आणि माणसं गेली. तुमची निघायची पातळी जोत्यावरून नव्हे, वाटेवरून ठरते.

सावधान: सरकारी ‘इशारा पातळी’ आणि ‘धोका पातळी’ त्या ठिकाणासाठी असतात, तुमच्या घरासाठी नाही. राजाराम बंधाऱ्यावर त्या ३९ आणि ४३ फूट आहेत, आयर्विन पुलावर ४० आणि ४५. सखल वस्तीत धोका पातळीच्या आधीच पाणी शिरतं आणि उंचावर ती ओलांडल्यावरही शिरत नाही. ओढ्याच्या काठच्या घरांना तर पुलाचा आकडा लागूच नाही. त्यांनी ओढ्याच्या मोरीवर स्वतःची मोजपट्टी रंगवावी.

## ६. पूररेषा नीट वाचा

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटींवर परवानगी.

‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निर्धास्त, असा नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर एकदा तरी बघायची शक्यता सुमारे २६ टक्के भरते आणि निळ्या रेषेवरच्या घराला २५ वर्षांतला पूर बघायची सुमारे ७१ टक्के. कृष्णा-पंचगंगेने २०१९ आणि २०२१ असे दोन वर्षांच्या अंतराने मोठे पूर दाखवले.

नकाशावर तुमच्या ओढ्याला रेषाच नसेल तर त्याचा अर्थ ‘आखलेली नाही’ एवढाच घ्या. आणि प्लॉट विकत घेणार असाल तर विकणाऱ्याने दाखवलेली झेरॉक्स पाहून समाधान मानू नका, कचेरीतला नकाशा पाहा.

## ७. वरचा पाऊस आणि धरण कसं पाहायचं

आपल्या अंगणात ऊन आहे म्हणून निवांत राहणं ही आणखी एक मोठी चूक. सांगलीचं पाणी महाबळेश्वर, नवजा आणि कोयनेच्या पावसावर ठरतं, कोल्हापूरचं राधानगरी आणि गगनबावड्यावर, महाडचं पोलादपूर आणि महाबळेश्वरवर. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. हवामान खाते २०४.५ मिलिमीटरपासून पुढे अतिवृष्टीची सगळ्यात वरची पायरी मानतं, त्यावरून कल्पना करा. हा आकडा सकाळी साडेआठ ते साडेआठचा असतो. आज छापून आलेला पाऊस कालपासूनचा आहे, त्याचं पाणी वाटेत आहे.

धरणाच्या बातमीत ‘क्युसेक’ म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट. ‘टीएमसी’ म्हणजे शंभर कोटी घनफूट, साठा किती ते सांगणारं माप. ११,५०० च्या आसपास क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. पण विसर्गावरून थेट आपल्या दारातलं पाणी काढू नका. धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी त्या आकड्यात नसतं आणि पुष्कळदा पूर तेच वाढवतं. विसर्ग वाढल्यावर आपल्या पुलावर पाणी कधी चढू लागलं, हे दोन-तीन जुन्या पुरांच्या तासागणिक नोंदींवरून पाहा. तो काळ वहीत लिहा.

## ८. एक कागद तयार करा

सगळं एका पानावर आणा, मीटरच्या बोर्डाशेजारी उंचावर चिकटवा. त्यावर चार ओळी पुरतात. वाट बुडण्याची पातळी. मोरीतून पाणी येण्याची पातळी. जोत्याची पातळी, दोन फूट वजा करून. आणि निघायची पातळी.

निघायची पातळी अशी काढा: सामान वर चढवणं, जनावरं हलवणं, म्हातारी माणसं नेणं याला किती तास लागतात ते खरंखरं मोजा. तासाला पाणी किती इंच चढतं ते जुन्या नोंदीवरून घ्या. तासाला ३ इंच चढत असेल आणि तुम्हाला १२ तास लागणार असतील, तर वाट बुडायच्या पातळीच्या ३ फूट आधी निघायला हवं. मध्यरात्र धरून आणखी वाढवा, रात्री कुणी जनावरं सोडत नाही.

चिपळूण-महाडसारख्या ठिकाणी हा हिशोब चालत नाही, तिथे पाणी तासांत फुटांनी चढतं. तिथे निघायचा निर्णय पातळीवर नाही, वरचा पाऊस, लाल इशारा आणि भरतीची वेळ या तिन्हींवर घ्या, आणि दिवसाउजेडी घ्या.

कागदाच्या तळाशी १०७७ लिहा, जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक. त्याखाली ११२.

## ९. पुढच्या पुरात खूण स्वतः करा

पाणी उंबऱ्याला लागलं आणि तुम्ही सुरक्षित असाल, तर पुलाची त्या क्षणीची पातळी आणि वेळ लिहून ठेवा. ही एक नोंद पाचव्या टप्प्यातल्या सगळ्या वजाबाकीपेक्षा भारी आहे.

पाणी ओसरल्यावर भिंती धुवायच्या आधी, चिखल ओला असतानाच गाळाच्या वरच्या कडेला खिळ्याने ओरखडा काढा, शेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी शोधाल तर ओलीचीच रेघ सापडेल. भिंत वाळल्यावर ओरखड्यावर ऑइल पेंट लावा, त्याखाली तारीख लिहा आणि पुलावरची त्या दिवशीची कमाल पातळी फुटांत लिहा. मग मीटरशेजारचा कागद काढून जोत्याचा आकडा पुन्हा मांडा.